जादूटोण्याचे इंग्रजी शब्द मराठीत आणताना या चुका टाळा

फँटसी कादंबऱ्यांची भाषांतरं, सबटायटल्स, गेमचे संवाद, ऑडिओ मालिकांच्या संहिता, या सगळ्या कामांत हल्ली जादूटोण्याचे इंग्रजी शब्द ढिगाने येतात. मराठीत येता येता त्यांचा एकच लगदा होतो: जादू. पुस्तक जादूचं, मांजर जादूचं, आरसा जादूचा, पुरुष जादूगार आणि बाई चेटकीण. मला याचं फार वाईट वाटतं, कारण या बाबतीत आपली भाषा अजिबात गरीब नाही. करणी वेगळी, मूठ वेगळी, भानामती वेगळी. तोडगा, उतारा, गंडा, ताईत, अंगारा, नजरबंदी या प्रत्येकाची कृती वेगळी आणि ती करणारा माणूसही वेगळा. एवढे बारकावे घरात असताना ‘जादू’वर भागवणं हा निव्वळ आळस आहे.

ग्लॅमर म्हणजे झगमगाट, असं धरून चालणं

सगळ्यात जास्त फसवतो तो हा शब्द, कारण तो आपल्याला माहीत आहे असं वाटतं. परीकथेत किंवा जुन्या स्कॉटिश गोष्टीत एखादी बाई कुणावर ‘ग्लॅमर’ टाकते, तेव्हा तिच्या रूपाचा काही संबंध नसतो. ती समोरच्याची नजर बांधते. पडकी झोपडी त्याला वाडा दिसते, वाळकी पानं सोन्याची नाणी दिसतात. ‘तिने आपल्या सौंदर्याने त्याला मोहवलं’ असं भाषांतर केलं की गोष्टीचा कणाच मोडतो. कारण पुढच्या प्रकरणात ती नाणी पुन्हा पानं होतात, तेव्हा वाचकाला काही कळत नाही. आपल्याकडे गारुडी जी नजरबंदी करायचा, नेमकी तीच ही. ‘तिने त्याच्यावर नजरबंदी केली’ एवढं लिहिलं की झालं.

या शब्दाचा जन्म मोठा सुंदर आहे. ‘ग्लॅमर’ हे ‘ग्रॅमर’चंच स्कॉटलंडमध्ये बदललेलं रूप. ज्या काळी गावात कुणालाच वाचता येत नव्हतं, तेव्हा व्याकरण म्हणजे लॅटिन, लॅटिन म्हणजे पोथीतली विद्या आणि पोथीतली विद्या म्हणजे मंत्रतंत्र, अशी लोकांची समजूत होती. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८९ च्या एका कवितेत या दोन शब्दांचं यमकच जुळवलंय. पुढे कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या लिखाणामुळे ‘ग्लॅमर’ इंग्लंडभर पोचला आणि सिनेमावाल्यांच्या हाती लागेपर्यंत त्याचा अर्थ पार बदलला.

त्याच घरातला दुसरा शब्द ‘ग्रिमवार’. हा फ्रेंचमधून आला, म्हणून त्याचा उच्चार ‘ग्रिमॉयर’ नाही. ‘जादूची डायरी’ किंवा ‘काळं पुस्तक’ म्हणण्यापेक्षा ‘मंत्रांची पोथी’ म्हणा. एक सावधगिरी मात्र हवी. इंग्रजीत हा शब्द रुळला तो एकोणिसाव्या शतकात. सतराव्या शतकातल्या इंग्लिश शेतकऱ्याच्या तोंडी तुम्ही तो घातलात, तर जाणकार वाचक तिथेच थांबेल.

फॅमिलिअर म्हणजे ‘ओळखीचा आत्मा’ नव्हे

हे भाषांतर मी इतक्या ठिकाणी वाचलंय की आता ते रूढ होईल की काय, अशी भीती वाटते. फॅमिलिअरचं मूळ लॅटिनमध्ये आहे, घरातला नोकर-चाकर या अर्थाच्या शब्दात. चेटकिणीच्या हुकमतीत असलेलं, तिच्या घरात राहणारं आणि तिची कामं करणारं भूत म्हणजे फॅमिलिअर. बहुतेकदा ते जनावराच्या रूपात असतं. ‘वश केलेलं भूत’ हा सरळ पर्याय आहे. जनावर महत्त्वाचं असेल, तर ‘मांजराच्या रूपातलं तिचं भूत’ असं उलगडून लिहावं.

हे भूत खटल्यांत कसं वावरायचं ते पाहिलं की शब्द पक्का बसतो. १६४५ साली इंग्लंडच्या एसेक्समधल्या मॅनिंगट्री गावी एलिझाबेथ क्लार्क नावाच्या एका पायाने अधू म्हातारीवर चेटकाचा आरोप आला. चेटकिणी हुडकत फिरणारा मॅथ्यू हॉपकिन्स आणि त्याच्या साथीदारांनी तिला रात्रीच्या रात्री जागं ठेवून पहारा दिला. तिची भुतं तिला भेटायला येतात का, ते पाहायचं होतं. हॉपकिन्सच्या १६४७ च्या पुस्तिकेत त्या भुतांची नावं आहेत: होल्ट हे मांजराचं पिल्लू, जारमारा हा बिनपायांचा लठ्ठ कुत्रा, सॅक अँड शुगर हा काळा ससा आणि व्हिनेगर टॉम हा बैलाच्या डोक्याचा, लांब पायांचा ग्रेहाउंड. झोपेविना ठेवलेल्या म्हातारीच्या तोंडून निघालेली ही नावं पुरावा ठरली आणि तिला फाशी झाली. म्हणून ऐतिहासिक मजकुरात ‘फॅमिलिअर’ आला की त्याला गोड पाळीव प्राणी करू नका. त्या शब्दावर माणसं फासावर गेली आहेत.

विच म्हणजे बाईच, आणि वॉरलॉक म्हणजे तिचा नवरा

अमेरिकेतल्या सेलमच्या, म्हणजे तेव्हाच्या इंग्लिश वसाहतीतल्या, १६९२ च्या चेटकाच्या खटल्यांत १९ जणांना फाशी दिलं, त्यांत पाच पुरुष होते. जाइल्स कोरी या म्हाताऱ्याने खटला चालवून घ्यायला नकार दिला, म्हणून त्याला दगडांच्या वजनाखाली दाबलं आणि त्यात तो मेला. या पुरुषांवरचा आरोप ‘विच’ असल्याचाच होता. ‘वॉरलॉक’ शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत ‘वचनभंग करणारा, दगाबाज’ असं आहे. पुरुष चेटक्या हा अर्थ त्याला स्कॉटलंडमध्ये मिळाला. त्यामुळे ‘विझर्ड’ आणि ‘वॉरलॉक’ अदलाबदल करून वापरता येत नाहीत. विझर्डच्या मुळाशी शहाणपण आहे, वॉरलॉकच्या मुळाशी द्रोह.

सेलमचा विषय निघालाच आहे तर आणखी एक: तिथे कुणालाही जाळलं नाही. इंग्लंडमध्ये आणि तिच्या वसाहतींत चेटकाची शिक्षा फाशी होती. जाळणं स्कॉटलंडमध्ये आणि युरोप खंडात चालायचं, आणि स्कॉटलंडमध्ये आधी बहुधा गळा आवळत. ‘सेलमच्या चेटकिणींना जिवंत जाळलं’ हे वाक्य दिसलं की बिनदिक्कत खोडा.

मराठीत ‘विच’साठी ‘हडळ’ लिहिणारेही आहेत. हडळ मेलेली असते. विच म्हणजे जिवंत माणूस, शेजारीपाजारी त्याला ओळखतात. काल्पनिक गोष्टीत ‘चेटकीण’ चालेल. पण खटल्याची किंवा मारहाणीची हकिगत असेल, तर ‘चेटकीण ठरवलेली बाई’ असंच लिहायला हवं. हा काटेकोरपणा पुस्तकी नाही. नंदुरबारच्या सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून छळल्याच्या बातम्या आपण वाचतो, आणि २०१३ च्या आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत अमुक माणूस करणी करतो असं पसरवून त्याचं जगणं अवघड करण्यालाही गुन्हा म्हटलंय. बातमीत ‘चेटकिणीला मारहाण’ असं छापलं की आरोप करणाऱ्यांचीच बाजू आपण घेतलेली असते.

‘मन्सी’ दिसलं की जादू

हा घोळ गेममधून आला. तिथे पायरोमन्सर आगीचे गोळे फेकतो. पण शब्दाच्या शेवटचं ‘मन्सी’ ग्रीकमधून आलंय आणि त्याचा अर्थ आहे भाकीत वर्तवणं. पायरोमन्सी म्हणजे ज्वाळांकडे पाहून भविष्य सांगणं, कायरोमन्सी म्हणजे हात पाहणं, ओनायरोमन्सी म्हणजे स्वप्नांवरून, टायरोमन्सी म्हणजे चक्क चीजच्या गोठण्यावरून. गेमच्या संवादात गेमचाच अर्थ ठेवा. ऐतिहासिक मजकुरात मात्र भाकीतच.

नेक्रोमन्सीचं थोडं अवघड आहे. मूळ अर्थ मेलेल्यांना बोलावून त्यांना विचारणं. ग्रीक कवी होमरच्या महाकाव्यात नायक ओडिसियस खड्डा खणून त्यात मेंढ्यांचं रक्त सोडतो आणि टायरेसियस या मेलेल्या भविष्यवेत्त्याच्या प्रेतात्म्याला पुढचं भविष्य विचारतो, ते हेच. मध्ययुगात लॅटिन लिहिणाऱ्यांनी त्यात ‘काळा’ या अर्थाचा शब्द ऐकला आणि ‘निग्रोमन्सी’ असं रूप रूढ झालं. तेव्हापासून भुतंखेतं वश करण्याची कुठलीही विद्या त्यात मोडू लागली. म्हणजे ग्रीक संदर्भात ‘मृतात्म्यांना विचारणं’ आणि चौदाव्या शतकातल्या पाद्र्यावर आरोप असेल तर ‘अघोरी विद्या’. साल पाहिल्याशिवाय हा शब्द लिहू नये.

हेक्स, जिंक्स, कर्स

तिन्हींना ‘शाप’ म्हणू नका. शापाला अधिकार लागतो. दुखावलेला माणूस किंवा तपस्वी तो उच्चारतो. तो ‘कर्स’. ‘हेक्स’ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मनांकडून आला आणि तो कुणीतरी मुद्दाम करतं, म्हणून करणी. ‘जिंक्स’ला करणारा लागतोच असं नाही, एखादी जर्सी घातली की संघ हरतो, ती जिंक्स. तिथे ‘पनवती’ चपखल बसतो.

रंगमंचावरच्यांना वेगळं ठेवा

जादूगार रघुवीर यांना इंग्रजीत ‘कॉन्जरर’ म्हणता येईल, ‘सॉर्सरर’ नाही. पण चारशे वर्षांपूर्वीच्या मजकुरात कॉन्जरर म्हणजे भुतं बोलावणारा मांत्रिक, हेही लक्षात ठेवा. हातचलाखीला ‘स्लाइट ऑफ हँड’ म्हणतात. स्पेलिंगमध्ये एस, एल नंतर ई आणि आय येतात, म्हणून पुष्कळजण ‘स्लेट’ म्हणतात, उच्चार ‘स्लाइट’च. ‘कव्हन’चा, म्हणजे चेटकिणींच्या टोळीचा, पहिला स्वर ‘ओव्हन’च्या इंग्रजी उच्चारासारखा, ‘को’ नाही. तेराजणींची कव्हन हा आकडा स्कॉटलंडच्या इझोबेल गाउडीच्या १६६२ च्या जबानीत आहे, सगळीकडे तो गृहीत धरू नका.

शब्द अडला तर

आधी क्रियापद पाहा. मंत्र ‘कास्ट’ करतात, हेक्स कुणावर तरी ‘पुट’ करतात, कर्स ‘लिफ्ट’ होतो, भूत ‘रेझ’ करतात. क्रियापदावरून कृती कळते आणि कृती कळली की मराठी शब्द आपोआप आठवतो: मंत्र टाकला, करणी केली, शाप उतरला, भूत जागवलं. त्यानंतरही अडलं, तर शब्दाचं साल आणि गाव शोधा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात प्रत्येक अर्थाचं सर्वांत जुनं उदाहरण सालासकट दिलेलं असतं. आणि नेमका शब्द नाहीच मिळाला, तर इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवून पहिल्यांदा येतो त्याच वाक्यात त्याचं काम सांगून टाका. तळटीप नको, कुणी वाचत नाही.