पहिली ते चौथीच्या मुलांकडून स्वतःची डिजिटल गोष्ट कशी करून घ्यायची

डिजिटल गोष्ट, म्हणजे मुलाची चित्रं आणि त्याचाच आवाज जोडून केलेला छोटा व्हिडिओ, म्हटलं की आपण शिक्षक लोक आधी ॲप शोधायला लागतो, कुठलं चांगलं, कुठलं फुकट, आणि मग व्हिडिओ टीचरच बनवते नि मुलं नुसती बघत बसतात. माझं ठाम म्हणणं आहे की मोबाईल सगळ्यात शेवटी बाहेर काढायचा. मुलाने आधी गोष्ट ऐकायची, मग तोंडाने सांगायची, मग कागदावर उतरवायची. एवढा क्रम सांभाळला तर गोव्याच्या सत्तरी-पेडण्यातल्या एकशिक्षकी शाळेतही हे जमतं, कॉम्प्युटर लॅब लागत नाही.

सुरुवात वाचनाने. रोज दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा, शक्यतो परिपाठ झाल्यावर लगेच, कारण दुपारी ते राहूनच जातं. त्यावर प्रश्नोत्तरं नकोत, फक्त मधेच थांबून "आता काय होईल?" एवढं विचारा. पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका, खिडकीला सुतळी बांधून त्यावर टांगा, फाटली तर चिकटवता येतात. पुस्तकं कमी असतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साईट बघा, 2015 पासून चालू आहे, मराठी आणि कोंकणी दोन्हीतल्या गोष्टी मिळतात, लेव्हल 1 ते 4 अशा पायऱ्या आहेत आणि मुक्त परवाना असल्यामुळे डाउनलोड करून प्रिंट काढली तरी चालते. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या योजनेत तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द वाचता यावेत असं लक्ष्य आहे, पण तिथे "अर्थासह" असंही लिहिलंय हे विसरून नुसतं घड्याळ लावून वाचून घेऊ नका, मुलं घाबरतात आणि अक्षरं गिळतात.

मग विषय. "माझी शाळा", "माझा आवडता प्राणी" असले विषय दिले की सगळ्यांच्या वहीत तीच दहा वाक्यं येतात. त्यापेक्षा मुलांच्या हाताशी असलेली वस्तू घ्या. आपल्याकडे चवथीची (गणेश चतुर्थीची) माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगून बांधतात ती चौकट, यासाठी फार छान आहे. सुट्टीवर जाताना सांगून ठेवा की घरच्या माटोळीतली कुठलीही एक गोष्ट निवडा, नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे, रानातलं एखादं फळ काहीही, आणि ती कुठून आणली, कोणी आणली, बांधली कोणी हे घरात आजीला नाहीतर पप्पांना विचारून या. ज्यांच्या घरी गणपती नसतो त्यांना नाताळचा गोठा, नाहीतर आईच्या गावची जत्रा, नाहीतर बाजारातून आणलेली कुठलीही वस्तू चालेल, कोणी बाजूला पडता कामा नये.

आता बोलायचं. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच आपण गाळतो. सुट्टीनंतर मुलांना जोडीजोडीने बसवा, एकाने सांगायचं, दुसऱ्याने निदान दोन प्रश्न विचारायचे, मग उलट. घरी कोंकणी बोलणारी मुलं कोंकणीत सांगतील, काहींची भाषा कन्नड किंवा हिंदी असते, सांगू द्या. तिथल्या तिथे "मराठीत बोल" म्हणून टोकलं की पोर गप्प होतं आणि मग वहीतही तीनच ओळी येतात. बाबा पहाटे रानात गेले, पायाला जळू लागली, आई ओरडली, हे सगळं बोलतानाच बाहेर पडतं.

लिहायचं ते चित्रातून. कागदाला घड्या घालून सहा चौकोन करा, प्रत्येकात एक चित्र आणि खाली एक-दोन वाक्यं. पहिलीतल्या मुलाने चित्र काढून तोंडी सांगावं, तुम्ही त्याच्याच शब्दांत लिहा. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन अजिबात नको, घरचा शब्द आला तर राहू दे. दुसऱ्या दिवशी मुलाला स्वतःचंच मोठ्याने वाचायला लावा, जिथे ते अडखळतं तिथे वाक्य दुरुस्त करायला ते स्वतःच तयार होतं, मग ऱ्हस्व-दीर्घ, पूर्णविराम तुम्ही बसून दाखवा.

आणि आता मोबाईल. चित्रांचे फोटो खिडकीजवळच्या उजेडात, फोन आडवा धरून, फ्लॅश बंद ठेवून काढा. आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब, आणि पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर सरळ उद्यावर टाका, काही ऐकू येत नाही. एका चित्राला दहा-पंधरा सेकंद, म्हणजे सगळी गोष्ट दीड मिनिटाच्या आत. प्रत्येक चित्राचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला तर चुकलं तरी तेवढंच परत करता येतं. जोडायला बऱ्याच फोनच्या गॅलरीतच सोय असते, नाहीतर कॅनव्हा किंवा काईनमास्टर हे ॲप. तिसरी-चौथीच्या मुलांना जीबोर्डवर (गूगलचा कीबोर्ड) मराठी बोलून टाईप करायला द्या, फोन चुकीचे शब्द लिहितो आणि ते शोधून दुरुस्त करण्यात मुलं जितकं लक्ष देऊन वाचतात तितकं पुस्तकही वाचत नाहीत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी पालकांना विचारा. चित्र आणि आवाज पुरेसा आहे, मुलाचा चेहरा, पूर्ण नाव, घरचा पत्ता नको.

एक लक्ष ठेवा, फोन सराईतपणे वापरणारी दोन-तीन मुलं प्रत्येक वर्गात असतात आणि सगळं काम तीच ओढून घेतात. म्हणून फोटो काढणारा, रेकॉर्डिंग करणारा, वाचणारा अशी कामं दर गोष्टीला बदलायची आणि कोणी काय केलं ते हजेरीच्या मागे लिहून ठेवायचं, म्हणजे अजून फोन हातातच आला नाही असं मूल कोण ते लगेच कळतं आणि पुढची गोष्ट त्याच्यापासून सुरू करता येते.