एफटी८: वॉटरफॉलवर सिग्नल दिसतात पण एकही डिकोड होत नाही (माझा अनुभव)

एफटी८ म्हणजे हॅम (हौशी) रेडिओवर कॉम्प्युटरच्या मदतीने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत. साताऱ्यात आमच्या गच्चीवर २० मीटर बँडचा डायपोल (तारेचा अँटेना) आहे, समोर अजिंक्यतारा. डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८चं सॉफ्टवेअर) लावलं, १४.०७४ मेगाहर्ट्झ, वॉटरफॉलवर (आलेले सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रात) रेघाच रेघा, पण डिकोड झालेले, म्हणजे वाचून काढलेले संदेश जिथे दिसतात ती डावीकडची बँड ॲक्टिव्हिटीची खिडकी कोरी.

ऑडिओ केबल बदलली, लेव्हल ३० डीबीच्या आसपास आणली, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, काही फरक नाही. आठ दिवस नुसता वैताग.

दोष घड्याळात होता. एफटी८चा स्लॉट (एका संदेशासाठी ठरलेला वेळ) १५ सेकंदांचा, आपलं घड्याळ दोन-अडीच सेकंदांच्या वर चुकलं की डिकोड होतच नाही, आणि माझा जुना लॅपटॉप मोबाईलच्या शेजारी धरून बघितला तर चार सेकंद मागे, कारण मदरबोर्डवरचा सेल संपलेला.

मग या क्रमाने केलं. आधी लॅपटॉप बंद, चार्जर आणि बॅटरी काढून सेल बदलला (माझ्यात सीआर२०३२ होता, तुमचा आधी उघडून बघा). मग कीबोर्डवर विंडोज आणि आर दाबून, सर्व्हिसेस.एमएससी (services.msc) टाइप करून उघडलं, त्यात विंडोज टाइमवर डबल क्लिक, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक, अप्लाय, मग स्टार्ट. हे आधी करा, माझ्याकडे ही सर्व्हिस बंद असल्यामुळे सिंक होतच नव्हतं. त्यानंतर मोबाईलचं नेट जोडून सेटिंग्जमध्ये डेट अँड टाइम, तिथे सिंक नाऊ. शेवटी डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये मॉनिटरचं बटण चालू.

पुढच्याच स्लॉटला सात ओळी आल्या! डीटीच्या रकान्यात (आलेला सिग्नल आणि आपलं घड्याळ यांतला सेकंदांचा फरक) ०.१, ०.२, -०.१ असे आकडे. तिथे सगळेच आकडे उणे एक-दीडकडे सरकायला लागले तर तुमचं घड्याळ मागे पडतंय, परत सिंक मारा.