दिवसाला दोन भरत्या: विज्ञान सांगायला निघालेल्या फिजिक्सवाल्यांसाठी

प्राध्यापकी-संशोधनासाठीची नेट परीक्षा निघाली, पीएचडीला जागा मिळाली आणि आता शाळांतून, वाड्यांवरून लोकांना विज्ञान सांगायचंय, असं मनाशी धरलेल्यांसाठी हे लिहितेय. परीक्षा, अर्ज, मुलाखती यांची माहिती तुमच्याकडे माझ्यापेक्षा ताजी असणार, त्यात वेळ घालवत नाही. मी जिथे अडकले तेवढंच नीट सांगते. अकरा वर्षं झाली, तरी ती संध्याकाळ आठवली की कानशिलं तापतात.

गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातलं खाजन शेतीचं गाव, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेल्या जमिनीतली शेती. देवळाच्या सभामंडपात विज्ञान दिनाचं व्याख्यान. विषय भरती-ओहोटी, मांडवी नदीकाठच्या लोकांना जवळचा वाटेल म्हणून मीच निवडलेला. चंद्र पाण्याला ओढतो, त्याच्या बाजूचं पाणी फुगतं, तीच भरती, असं मी चित्रं दाखवून रंगवून सांगितलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या खांबाला टेकून बसलेले एक आजोबा उठले. गावच्या मानशीवर मासे धरण्याचा लिलाव वर्षानुवर्षं घेणारे. मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार. नदीला भरती चढली की पाण्याच्या दाबानेच त्याच्या फळ्या मिटतात आणि ओहोटीला उघडतात. त्या वेळेला जाळं लावून तयार असावं लागतं, मग रात्रीचे दोन का वाजेनात. त्यांनी विचारलं, "बाय, चंद्र एकूच. मागीर दिसाक दोन भरत्यो कश्यो?"

मी उत्तर दिलं, आणि तिथेच चुकलं. पृथ्वी फिरते म्हणून पलीकडचं पाणी बाहेर फेकलं जातं, असं काहीतरी बोलले आणि गोफणीचं उदाहरण चिकटवलं. आजोबा "बरें" म्हणून खाली बसले. त्यांना पटलेलं नव्हतं. मलाही पटलेलं नव्हतं. एमएस्सीला हेच गणित मी सोडवलं होतं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

हा सापळा नीट बघा, कारण तो हुशार मुलांसाठीच लावलेला असतो. गणित सुटलं की आपल्याला वाटतं, कळलं. मग आपण ते सोपं करायला बसतो आणि सोपं करताना नेमका तोच तुकडा गाळतो, जो आपल्याला स्वतःला कळलेला नसतो. गाळलं हे आपल्या लक्षातही येत नाही. समोरच्याला मात्र ते लगेच दिसतं, कारण त्याने ती गोष्ट आयुष्यभर डोळ्यांनी पाहिलेली असते.

तो तुकडा असा. भरतीला चंद्राचा नुसता ओढा कारण नाही. ओढ्यातला फरक कारण आहे. जवळच्या बाजूच्या पाण्यावर ओढा सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्याशी त्याहून कमी, पलीकडच्या पाण्यावर आणखी कमी. दोन्ही टोकांत फरक जेमतेम 7 टक्क्यांचा. जवळचं पाणी पृथ्वीच्या पुढे ओढलं जातं आणि पलीकडचं मागे राहतं, म्हणून फुगवटे दोन. हे समजलं की सूर्याचं कोडंही सुटतं. पृथ्वीवर सूर्याचा ओढा चंद्राच्या जवळपास 180 पट आहे, तरी सूर्याची भरती चंद्राच्या निम्म्याहून कमी. कारण ओढा अंतराच्या वर्गाने घटतो, तर ओढ्यातला फरक घनाने घटतो, आणि सूर्य चंद्राच्या जवळपास 390 पट लांब आहे. अमावास्या-पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात तेव्हा उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास काटकोनात येतात तेव्हा भांग, म्हणजे सर्वांत लहान. मी ओढ्याच्या भरवशावर बोलत होते. त्या न्यायाने समुद्राने चंद्राला विचारायचंसुद्धा कारण नव्हतं.

इथेही थांबू नका, मी थांबले होते. दोन फुगवट्यांचं चित्र म्हणजे सगळीकडे पाणीच पाणी असलेल्या, जमीन नसलेल्या पृथ्वीचं चित्र. चंद्र तोच, पण गोव्यात उधाणाला पाणी साधारण 2 मीटर चढतं-उतरतं, मुंबईला 4 ते 5 मीटर, आणि गुजरातच्या खंबायतच्या आखातात 10 मीटरच्या घरात. हे फुगवट्याने सांगता येत नाही. त्यासाठी अरबी समुद्राचा तळ, उथळ होत जाणारा किनारा, निमुळतं आखात, सगळं लागतं. शाळेत दहा मिनिटांत हे सांगायची गरज नाही, पण आपलं चित्र कुठपर्यंत चालतं आणि कुठे मोडतं, एवढं एक वाक्य प्रत्येक उपमेनंतर बोलायलाच हवं. मी आता उपमा आधी स्वतःच मोडून बघते. मोडायची जागा सापडली नाही, तर ती व्याख्यानात घेत नाही.

शब्दाने काय होतं ते 'बिग बँग'मध्ये बघा. विश्वाच्या सुरुवातीचा हा सिद्धान्त ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांना मान्य नव्हता. 1949 साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना त्यांनी त्याला हे नाव दिलं आणि तेच जगभर चिकटलं. मराठीत महास्फोट झाला. तो एका जागी झालेला स्फोट नव्हताच, तरी आजही मुलं विचारतात, स्फोट कुठल्या जागी झाला? शब्दच स्फोटाचा आहे, मुलांचा काय दोष.

हॉएल यांच्याच हाताखाली केंब्रिजला जयंत नारळीकर यांनी पीएचडी केली. त्यांचं नाव घेऊन 'मलाही तसंच व्हायचंय' म्हणणाऱ्यांना मी एक गोष्ट आठवण करून देते. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी कथा पाठवली ती टोपणनावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली होती. पहिलं बक्षीस मिळालं. त्या वेळी ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) प्राध्यापक होते आणि गुरुत्वाकर्षणावरचं त्यांचं काम दहा वर्षांपूर्वीच गाजलं होतं. नावावर बक्षीस सहज मिळालं असतं, ते त्यांना नको होतं. संशोधन कमी पडलं म्हणून ते लिहायला बसले नव्हते. आपल्यातले बरेच जण उलट्या वाटेने येतात. संशोधन अडलेलं असतं, व्याख्यानात टाळ्या लगेच मिळतात, शोधनिबंधाला दोन वर्षं लागतात. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एकाच फेब्रुवारीत चौदा व्याख्यानं दिली आणि त्या सहामाहीत प्रबंधाचं एक पान पुढे सरकलं नाही. असं करू नका. साफ सांगते, करू नका. महिन्याला दोन, त्याहून जास्त नाही, आणि प्रबंध देईपर्यंत तर ही मर्यादा मोडूच नका.

गाइडबद्दल. माझे गाइड या कामाला 'रिकामटेकडेपणा' म्हणायचे, आणि मला वाटतं ते चूक होते. विद्यार्थ्याने आपलं काम आईला समजावून सांगितलं तर ज्याला कमीपणा वाटतो, त्याच्या हाताखाली पाच वर्षं काढणं फार जड जातं. गाइड निवडताना त्याचे शोधनिबंध बघाच, पण तो पहिल्या वर्षाच्या बी.एस्सी.ला शिकवतो का, हेही विचारा. माझ्या अनुभवात तो प्रश्न जास्त खरं सांगतो.

पैशाचं थोडक्यात. जेआरएफचे, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन शिष्यवृत्तीचे, महिना 37,000 आहेत तोवर ठीक. नंतर इथल्या कॉलेजांत बहुतेकांची सुरुवात लेक्चर बेसिसवर होते, म्हणजे तास घेतला तर पैसे, मे महिन्यात हात रिकामे. व्याख्यानाला शाल-श्रीफळ मिळतं, कधी पेट्रोलचे पैसे. घरी हे आधी सांगून ठेवा. विज्ञान लोकांपर्यंत नेणं हे बहुतेकांसाठी नोकरीच्या जोडीने करायचं काम आहे, आणि तसं ते छान चालतं. मी शनिवारी करते, रविवारी झोपते.

दुसऱ्यांच्या व्हिडिओवरून व्याख्यान उभं करू नका. मला ती चोरी वाटते, आणि त्यातल्या चुका फुकट आपल्या माथी येतात. भाषेची भीती मात्र अजिबात नको. तुम्ही मराठी बोलाल, समोरून कोंकणीत प्रश्न येईल, पोरं इंग्रजी शब्द टाकतील, आणि तरी सगळ्यांना सगळं कळेल. गोव्यात ही सोय आपल्याला आयती मिळालीय. प्रश्नाला उत्तर येत नसेल तर 'मला माहीत नाही, बघून सांगते' म्हणा आणि खरंच जाऊन सांगा. पहिल्यांदा फार अवघड जातं. तिसऱ्या वेळी जात नाही.

मी त्या आजोबांकडे परत जायला सात महिने लावले. मानशीवर बसून त्यांना ओढ्यातल्या फरकाचं सांगितलं, बांधावरच्या चिखलात रेघा मारून. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग आपला हिशोब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा. मी तिथेच आकडेमोड केली. अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत 15 तिथींत भरतीची वेळ 12 तास सरकते, म्हणजे तिथीला 48 मिनिटं. जुन्या लोकांनी 45 धरली होती. ती तीन मिनिटं दाखवली तेव्हा ते हसले आणि म्हणाले, पणजीला पाणी चढतं आणि इथे चढतं, त्यात किती वेळ जातो ते काढून दे आधी.

तेव्हापासून त्यांचा नातू मानस मिटायची वेळ वहीत लिहून ठेवतो आणि मी ती पणजीच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून बघते. उन्हाळ्यातल्या नोंदी बऱ्याच जुळतात. गणेश चतुर्थीच्या आसपासच्या जुळत नाहीत, नदीला तेव्हा पावसाचं पाणी असतं. या वर्षी नातवाने पाण्याची उंचीही मोजायचं कबूल केलंय.