रेडटेल कॅटफिश घरी आणलाय? आधी हे वाचा

बडोद्यात दुकानात दोन-तीन इंची पिल्लू "छोटाच राहतो" म्हणून देतात, पण पाठ काळपट, तोंडापासून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा, शेपटी नारिंगी-लाल आणि मिशांच्या तीन जोड्या दिसल्या की समजा हा अमेझॉन नदीतला रेडटेल, मोठा झाला की मीटरभर होतो, चार फुटी टँक त्याला पुरतच नाही. माझ्याकडचे आठ निऑन टेट्रा (इवलेसे मासे) एका रात्रीत गायब झाले, सकाळी बघतो तर ह्याचं पोट लिंबासारखं टम्म, फार वाईट वाटलं. तोंडात मावेल ते तो गिळतोच, त्यामुळे लहान मासे सोबत नकोतच. खडेपण गिळतो हो, म्हणून खाली बारीक वाळू टाका नाहीतर तळ मोकळा ठेवा, आणि हीटरला गार्ड लावा कारण अंगावर खवले नसतात, चिकटून बसला की भाजतो. औषधपण त्याच कारणाने जपून. खायला बुडणारे पेलेट्स (माशांच्या खाद्याच्या गोळ्या), सोललेली कोळंबी, संध्याकाळी लाइट बंद केल्यावर. जाळीत पकडू नका, पंखांचे काटे अडकतात, टबात घ्या. आणि झेपेना तर प्लीज विश्वामित्री नदीत किंवा सूरसागर तलावात सोडू नका, दुकानदारालाच परत द्या.