आधी फूल, मग डिझाइन: हंगामी फुलं निवडताना या चुका टाळा

पुष्परचना करणारे बरेच जण जवळपास पिकलेली, हंगामी फुलं वापरायची असं ठरवतात आणि पहिलं काम काय करतात, तर मोबाइलवर फोटो शोधतात. घोळ तिथेच सुरू होतो. फोटोतलं फूल कुठल्या महिन्यातलं, कुठल्या हवेतलं, काही पत्ता नसतो. एका नवशिक्या मुलीने असाच फोटो दाखवून एका समारंभासाठी पिओनी या भरगच्च फुलाचा शब्द देऊन टाकला. पिओनी वसंताच्या अखेरीस जेमतेम काही आठवडे फुलते आणि समारंभ होता त्यानंतर चांगले तीन महिन्यांनी. मग शीतगृहातली खोकी लांबून मागवली. उघडली तर निम्म्या कळ्या गोट्यांसारख्या घट्ट, आणि उमललेल्यांच्या पाकळ्या हात लागताच गळायला लागल्या. त्याच वेळी जवळच्या शेतात डेलिया डोलत होते, तितकेच भरगच्च आणि त्याच गुलाबी रंगाचे. पण शेतकऱ्याला विचारतो कोण? मी फुलाचं नाव कधीच कबूल करत नाही. रंग आणि भरगच्चपणा ठरवते. फूल कोणतं, ते आदल्या आठवड्यात शेतात काय उमललंय त्यावर.

दुसरी डोकेदुखी म्हणजे ‘कळ्याच घ्या, जास्त टिकतात’ हा सरसकट सल्ला. ग्लॅडिओलसला तो लागू आहे: खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की घ्यावा, वरच्या पाण्यात उमलत जातात. डेलिया मात्र कळीत तोडला की बहुधा तसाच राहतो. तो जवळजवळ पूर्ण उमललेलाच घ्या, फक्त उलटा करून मागच्या पाकळ्या बघा. त्या मऊ पडल्या किंवा कागदासारख्या सुकल्या असतील तर फूल जुनं. झिनियाची तऱ्हा आणखी वेगळी. फुलाच्या वीतभर खाली दांडा धरून हलकेच हलवा. ताठ राहिला तर घ्या, मान लटपटली तर सोडून द्या. असं फूल कितीही पाणी दिलं तरी मान टाकतं. हे बघायला क्षणभर लागतो, पण घाईत तेवढीही सवड नसते, आणि मग ‘माल खराब दिला’ म्हणून शेतकऱ्याच्या नावाने शंख.

भर दुपारी तोडलेली फुलं नकोत, पहाटेची मागा.

पाण्यात बुडणारी पानं काढून टाका. ती कुजतात, जिवाणू वाढतात आणि दांडे तुंबतात. फुलं टिकावीत म्हणून पाण्यात नाणं टाकू का, अ‍ॅस्पिरिन टाकू का, असं विचारणाऱ्यांनी आधी बादली घासावी.

पिकत्या फळांशेजारी फुलं ठेवू नका, फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर माना टाकतात.

नार्सिससचा (म्हणजे डॅफोडिलसारख्या फुलांचा) चीक बाकीच्या फुलांना बाधतो. त्याला काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा आणि नंतर दांडे पुन्हा कापू नका.

हंगामी फुलांचं कौतुक करायचं आणि ती खोचायची फ्लोरल फोममध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या स्पंजासारख्या ठोकळ्यात, हे मला पटत नाही. तो प्लास्टिकचाच प्रकार, कुजत नाही. मी तारेची जाळी चुरगळून भांड्यात बसवते. धुऊन पुन्हा वापरता येते.

आणि फुलं आली की लगेच मांडायला बसू नका. दांडे तिरके कापा, खोल पाण्यात, गार सावलीत निदान चार-पाच तास ठेवा. मी रात्रभर ठेवते, मग समोरचा कितीही घाई करो.