हलका घडीचा चाकू घेताना: गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेचा हिशेब

बाजारात ‘हंटिंग नाइफ’ म्हणून मिळणारा घडीचा चाकू शिकारीसाठी घ्यायचा नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण त्याचं ड्रॉप पॉइंट पातं फार कामाचं. पाठ टोकाकडे किंचित उतरते, धारेला गोलाई असते. जनावर सोलताना टोकाने आतडं फुटू नये म्हणून केलेली ही ठेवण चोणक मासा साफ करतानाही तितकीच उपयोगी पडते. पाठीवर आकडा असलेलं पातं मात्र नको, त्या आकड्याला धार लावणं जिकिरीचं.

वजन ६० ते १०० ग्रॅम, पातं ७ ते ८.५ सेंटिमीटर, जाडी २ ते ३ मिलिमीटर एवढं पुरे. नारळ सोलणं, चुडत (झावळी) तोडणं हे कोयत्याचं काम. ते चाकूवर लादलं की आधी बिजागरीचा स्क्रू ढिला होतो.

इथे खरा प्रश्न गंजाचा. डी२ पोलाद धार छान टिकवतं, पण त्यातल्या गंज अडवणाऱ्या सुमारे १२ टक्के क्रोमियमपैकी बरंच कार्बनशी बांधलेलं असतं. किनाऱ्यावर पातं न पुसता ठेवलंत तर ठिपके उठणारच. १४सी२८एन हे स्टेनलेस पोलाद चांगला मध्यम मार्ग. रोज खाऱ्या पाण्यात हात असेल तर एच१ पोलाद घ्या: कार्बन नाममात्र, त्याची जागा नायट्रोजनने घेतलेली. गंजत जवळजवळ नाही, पण साधी, बिनदात्यांची धार लवकर बोथटते.

लाकडी मूठ दिसायला देखणी, पण पावसाळ्यात फुगते आणि पातं आत अडकून बसतं. फायबर भरलेली नायलॉनची किंवा जी१० ची (काचतंतू आणि इपॉक्सीच्या थरांची) मूठ घ्या, मागून उघडी असलेली. रेती आणि खवले पाण्याच्या धारेने निघून जातात. बॅक लॉकच्या (मुठीच्या पाठीवर दाबून सोडायच्या लॉकच्या) खाचेत तेच अडकलं की लॉक पुरता बसत नाही, आणि पातं बोटावरच मिटतं.

लायनर लॉक (मुठीच्या आतला पत्रा सरकून पातं अडवतो तो) असेल तर दुकानातच चाकू उघडून मागून बघा. पत्रा पात्याच्या बुडाखाली एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत सरकलेला हवा. नुसता कोपऱ्याला टेकत असेल तर दाबाखाली निसटेल. पार पलीकडे गेला असेल तर झिजायला जागाच उरली नाही. मग टोक चिमटीत धरून डावीउजवीकडे हलवा. डुगडुगलं तर परत करा.

कोकम, कैरी चिरल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवा, कोरडं करा, बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दर बाजूला साधारण २० अंशांची धार या जाडीला बरी.

मोले किंवा खोतीगावच्या अभयारण्यात जाताना चाकू घरीच ठेवा. वन्यजीव कायद्यातल्या ‘शस्त्र’ या व्याख्येत चाकूही येतो आणि लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही. दाबोळी किंवा मोपाहून विमान असेल तर तो चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या नव्हे.