काडी लावायच्या आधी रानाची कड बघा

कोरडा सीझन तोंडावर आलाय, तोडलेलं रान वाळत पडलंय आणि पेटवून मोकळं व्हायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून वर्षावनाच्या कडेला शेत, मळा, गुरांचं कुरण काहीही असलं तरी आधी एवढं वाचा.

घनदाट वर्षावन आपणहून सहसा पेटतच नाही. वरचं छत गच्च, खाली ऊन पोचत नाही, पाचोळा कायम दमट, आणि वीज पडली तरी बहुतेक वेळा सोबत पाऊस असतो त्यामुळे आग तिथल्या तिथे विझते. तिथले जवळजवळ सगळे वणवे आपणच लावलेल्या आगीतून येतात, कुरण जाळायला किंवा जमीन मोकळी करायला पेटवलं, वाऱ्याने उचललं आणि गेलं आत. आता म्हणाल की आम्ही तर दरवर्षी जाळतो, दरवर्षी कुठे वणवा लागतो? बरोबर आहे, कारण वणवा पसरायला पाऊस ओढ देणारं वर्ष आणि फाटलेलं जंगल अशा दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

एल निनो आला, म्हणजे प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं, की इंडोनेशिया आणि अ‍ॅमेझॉन दोन्हीकडे पाऊस कमी पडतो, १९९७-९८ आणि २०१५ साली तेच झालं. पण एल निनो नाही म्हणून निर्धास्त राहू नका. २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनमध्ये जो दुष्काळ पडला तो मुख्यतः अटलांटिकचं उत्तरेकडचं पाणी तापल्यामुळे. बरं, या समुद्राच्या बातम्या काही महिने आधी कळतात, तेव्हा सीझनचा अंदाज बघूनच यंदा किती तोडायचं आणि जाळायचं की नाही ते ठरवा. आणि २०१९ ला अ‍ॅमेझॉनमध्ये दुष्काळ फार मोठा नव्हता तरी आगी भडकल्या, कारण तोडलेलं लाकूड वाळत पडलं होतं, म्हणजे सगळं खापर हवामानावर फोडता येत नाही. २०२४ मध्ये तर उष्ण कटिबंधातलं जवळपास ६७ लाख हेक्टर मूळ जंगल गेलं, त्यातलं निम्म्याच्या आसपास आगीने.

फाटलेलं म्हणजे काय, तर जिथे रस्ता काढलाय, मोठी झाडं निवडून नेलीत, शेताला लागून कड उघडी पडलीय. तिथे ऊन-वारा आत घुसतो आणि पाचोळा वाळून कुरकुरीत होतो. पहिल्यांदा लागते ती आग बघून माणूस फसतो, फूटभर उंच, रांगत जाते, वाटतं काय एवढं. पण या झाडांची साल पातळ असते, बुंध्याला धग लागली की पुढच्या महिन्यांत झाडं उभी वाळतात, छत उघडतं, खाली गवत माजतं आणि पुढच्या कोरड्या वर्षी तीच आग कितीतरी जोरात येते. म्हणून एकदा जळलेल्या कडेजवळ पुन्हा काडी लावूच नका, माझं तर स्पष्ट मत आहे.

दलदलीची, कुजक्या पाल्याची पीट जमीन असेल तर जाळायचा विषयच सोडा. इंडोनेशियात, बोर्निओ बेटावरच्या मध्य कालिमंतानमध्ये १९९६ पासून भातशेतीसाठी लांबच लांब चर खणून पीटमधलं पाणी काढलं, पुढच्याच वर्षी एल निनो आला आणि जमीनच पेटली. ही आग जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसते, वरून पाणी मारून काही होत नाही, मोठा पाऊसच लागतो. इंडोनेशियाच्या नियमात पाण्याची पातळी जमिनीपासून ४० सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायची नाही असं आहे. तुमच्याकडे चर असतील तर पाऊस थांबायच्या आधी बांध घाला, नंतर अडवायला पाणीच उरत नाही.

बाकी ठिकाणी जमलं तर जाळूच नका, तोडलेलं बारीक करून तिथेच पसरा. राखेचा जोर दोनतीन वर्षंच टिकतो, पसरलेला पाला ओल धरून ठेवतो, मेहनत जास्त आहे हे मात्र खरं. जाळायचंच असेल तर आधी बंदी आहे का, परवानगी लागते का ते बघा, शेजाऱ्यांना सांगा, आणि चारी बाजूंनी निदान तीन मीटर रुंद जाळरेषा काढा, नुसतं गवत कापून नाही, उघडी माती दिसेपर्यंत. ढीग उंच असेल तर आणखी रुंद. रेषेवर लोंबणाऱ्या वेली आणि जवळची उभी वाळकी झाडं आधी काढा, ठिणग्या तिथूनच उडतात. भर दुपारी अजिबात नाही, ऊन उतरल्यावर, वारा पडल्यावर, थोडं थोडं, आणि वारा ज्या बाजूला जातोय त्या टोकाकडून पेटवा म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते. माणसं आणि पाणी हाताशी हवंच. ज्वाळा विझल्या म्हणून घरी जाऊ नका, धूर पूर्ण थांबेपर्यंत थांबा आणि दुसऱ्या दिवशी वारा सुटायच्या आत परत जाऊन खोडांच्या बुडाशी हात नेऊन बघा, ऊब लागली तर खणून पाणी ओता.